तीन गोल करणारा नेव्हिल

वाचण्याआधी

तुम्हांला कोणी विचारलं, की तुम्ही मूळचे कुठले, तर तुम्ही काय उत्तर देता? एक मिनिट विचार करा. उत्तर वहीत एका ओळीत लिहून ठेवा. पाठ वाचून झाला की ती ओळ पुन्हा बघायची आहे.

१. वर्गातला प्रश्न

बहरीनमध्ये वाढणाऱ्या मुलांना हा प्रश्न नवीन नाही. शाळेत विचारतात, टॅक्सीवाले काका विचारतात, सुट्टीत गावाला गेलात की शेजारच्या काकूही विचारतात. जन्म मनामाचा, पासपोर्ट भारताचा, आजी साताऱ्याला किंवा नागपूरला. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, दुकानात थोडं अरबी आणि थोडं हिंदी. मग एका वाक्यात उत्तर कसं द्यायचं?

मी इथे एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन मराठी शिकवतो. मागे एकदा वर्गात फुटबॉलचा विषय निघाला. इथे तो निघतोच. बहरीनचा लाल जर्सीतला संघ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. हा देश आकाराने मुंबईहून फार मोठा नाही, पण २०१९ साली त्याने गल्फ कप जिंकला. त्या दिवशी वर्गातल्या एका मुलाने विचारलं, की आपल्या लोकांपैकी फुटबॉलमध्ये कोणी काही मोठं केलं आहे का? बाकीची मुलं हसली. आपलं म्हणजे क्रिकेट, असंच सगळ्यांना वाटतं ना!

मी त्यांना नेव्हिल डिसोझाचं नाव सांगितलं. कोणालाच ते माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर शाळेत असताना मलाही माहीत नव्हतं. आमच्या मराठी शाळेत खाशाबा जाधवांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. १९५२ साली त्यांनी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्यांच्यानंतर चारच वर्षांनी त्याच ऑलिम्पिकच्या मैदानावर नेव्हिलने जे केलं, ते मात्र आम्हांला कोणी सांगितलं नाही. म्हणून हा पाठ.

एक गोष्ट आधी सांगतो. मराठीत मोठ्या माणसाला आपण 'ते' म्हणतो. पण मैदानावरचा आवडता खेळाडू आपल्याला घरातलाच वाटतो, म्हणून त्याला 'तो' म्हणतो. सचिन 'आले' असं कोणी म्हणत नाही, सचिन 'आला' असंच म्हणतात. या पाठात नेव्हिललाही आपण 'तो' म्हणू या.

२. आसगावचा जन्म

नेव्हिलचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यात, आसगाव या गावी झाला. आसगाव बारदेश तालुक्यात आहे, म्हापसा शहराजवळ. आज तुम्ही मुंबईहून गोव्याला गेलात तर मध्ये कोणी पासपोर्ट विचारत नाही. पण १९३२ साली गोवा भारताचा भाग नव्हता. तिथे पोर्तुगालचं राज्य होतं. ते चारशे वर्षांहून जास्त जुनं होतं. बाकीच्या भारतावर तेव्हा इंग्रज राज्य करत होते. म्हणजे गोव्याहून मुंबईला येणारा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा. इथे 'राज्य' म्हणजे सत्ता, आजच्यासारखं महाराष्ट्र राज्य नव्हे!

याच १९३२ साली बहरीनमध्ये काय झालं, माहीत आहे? जबल दुखानच्या पायथ्याशी पहिल्यांदा तेल लागलं. त्यानंतर इथे कामासाठी माणसं येऊ लागली, त्यांत मुंबईची आणि गोव्याची माणसंही होती. इथे तेव्हा व्यवहार रुपयात चालायचा. १९६५ साली बहरीनी दिनार आला, तोपर्यंत चालायचा. तुमचे आईबाबा जसे कामासाठी घर सोडून आले, तसे गोव्याचे लोक फार पूर्वीपासून बाहेर पडत होते. कोणी बोटीवर खलाशी झाला, कोणी आचारी, कोणी बँडमध्ये वाजवणारा, कोणी ऑफिसात कारकून. बहुतेक जण आधी मुंबईला यायचे. मुंबईत धोबीतलावाजवळ गोव्याच्या एकेका गावाच्या लोकांनी राहण्याच्या जागा केल्या होत्या. त्यांना 'कूड' म्हणत. गावातून आलेल्या माणसाला तिथे कमी पैशांत झोपायला जागा मिळे आणि आपल्या बोलीत बोलणारी माणसंही भेटत.

३. मुंबईचा फुटबॉल

नेव्हिलचा खेळ मुंबईत घडला. तेव्हाची मुंबई फुटबॉलसाठी चांगली जागा होती. तिथे फुटबॉल मुख्यतः पावसाळ्यात खेळायचे. चिखलात पाय रुततात, चेंडू जड होतो, कपडे ओळखू येत नाहीत. बहरीनच्या कोरड्या मैदानावर खेळणाऱ्या तुम्हांला हे जरा नवल वाटेल!

दक्षिण मुंबईत कूपरेज नावाचं मैदान आहे. तिथे रोव्हर्स कप ही स्पर्धा व्हायची. ती १८९१ साली सुरू झाली. सुरुवातीला इंग्रजांच्या लष्करी पलटणी ती जिंकत. पुढे कोलकाता, हैदराबाद, बंगळूर इथले संघही येऊ लागले. कूपरेजवर मोठा सामना असला की ऑफिसं सुटल्यावर माणसं तिकडे धावायची.

नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळायचा. इथे एक गोष्ट समजून घ्या. आज मोठे फुटबॉलपटू फक्त फुटबॉल खेळतात आणि त्याचेच त्यांना पैसे मिळतात. तेव्हा मुंबईत तसं नव्हतं. मोठ्या कंपन्या, रेल्वे, बँका चांगल्या खेळाडूला नोकरी द्यायच्या. तो ऑफिसात काम करायचा आणि कंपनीच्या संघाकडून खेळायचा. पगार नोकरीचा असे, नाव खेळाचं होई. नोकरी चांगली असली तर घर चाले आणि खेळही चाले.

मैदानावर नेव्हिलची जागा सेंटर फॉरवर्डची होती, म्हणजे सगळ्यांत पुढे, मधोमध. समोरच्या संघाचे बॅक, म्हणजे बचाव करणारे खेळाडू, सतत त्याच्या अंगावर असायचे. त्यांच्यामधून वाट काढून गोल करणं हे त्याचं काम. तुमच्यापैकी जे बॅक खेळतात त्यांना ठाऊक आहे, की चांगल्या सेंटर फॉरवर्डला अडवणं किती कठीण असतं. क्षणभर नजर हटली की तो पुढे गेलेला असतो.

नेव्हिल मुंबईच्या संघातून संतोष करंडक खेळला. ही भारतातल्या राज्यांच्या संघांची स्पर्धा आहे. नंतर भारताच्या संघात त्याची निवड झाली. त्याचा भाऊ डेरेक हाही पुढे भारताकडून खेळला.

४. बंद झालेली वाट

१९४७ साली इंग्रज गेले. गोव्यात मात्र पोर्तुगीज राहिले. गोव्याच्या लोकांनी स्वातंत्र्यासाठी लढा सुरू केला. महाराष्ट्रातूनही खूप लोक त्यात गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. त्यात अनेक जण मरण पावले. त्यानंतर भारत सरकारने गोव्याशी सगळे व्यवहार तोडले. गोव्याला जाणारी रेल्वे बंद झाली.

आता मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांचा विचार करा. गाव एका रात्रीच्या प्रवासावर, पण मध्ये बंद दार. आई तिकडे, मुलगा इकडे. लग्नाला जाता येईना, आजारपणात जाता येईना. तुम्हांला करोनाचे दिवस आठवत असतील किंवा घरच्यांनी सांगितले असतील. तेव्हा विमानं बंद होती आणि बहरीनमधल्या लोकांना घरी जाता येत नव्हतं. गोवेकरांसाठी असे दिवस सहा वर्षांहून जास्त चालले.

याच काळात, १९५६ साली, आसगावला जन्मलेला नेव्हिल भारताचा शर्ट घालून ऑलिम्पिकला निघाला. ज्या गावात तो जन्मला, त्या गावावर भारताचा झेंडा नव्हता. आणि तरी भारताच्या संघात सगळ्यांत पुढे उभा राहणार होता तोच.

५. दहा गोलांची आठवण

भारताचा फुटबॉल संघ त्याआधी दोन वेळा ऑलिम्पिकला गेला होता. १९४८ साली लंडनला बरेच खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सने त्यांना २-१ असं हरवलं, पण सामना अटीतटीचा झाला. १९५२ साली हेलसिंकीला मात्र फार वाईट झालं. थंडी होती, काही खेळाडू तेव्हाही अनवाणी होते. समोर युगोस्लाव्हिया होता. हा देश आता राहिलेला नाही, त्याचे पुढे सर्बिया, क्रोएशिया असे वेगवेगळे देश झाले. त्या युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं हरवलं. दहा गोल! त्यानंतर भारतीय खेळाडूंना बूट घालणं सक्तीचं झालं.

संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. ते हैदराबादचे. आधी ते शिक्षक होते. सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत. 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच आहे. रहीमसाहेब शिस्तीचे कडक होते. खेळाडूने दोन्ही पायांनी खेळलं पाहिजे, चेंडू जवळ धरून न बसता पटकन दुसऱ्याला दिला पाहिजे, यावर त्यांचा भर असे. दहा गोलांचा तो सामना त्यांनी बाहेर बसून पाहिला होता. चार वर्षं त्यांनी नवा संघ बांधला.

या संघात बंगालचे समर बॅनर्जी आणि पी. के. बॅनर्जी होते, हैदराबादचा तुळसीदास बलराम होता, मुंबईचे गोलकीपर एस. एस. नारायण होते. आणि नेव्हिल होता. समर बॅनर्जी कर्णधार होते.

६. मेलबर्न, १ डिसेंबर १९५६

१९५६ चं ऑलिम्पिक ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झालं. त्या वर्षी जगात अशांतता होती. हंगेरीत लोकांनी उठाव केला आणि तो रशियाच्या रणगाड्यांनी चिरडला. सुएझ कालव्यावरून युद्ध झालं. काही देशांनी ऑलिम्पिकमधून नाव काढून घेतलं. भारताचा पहिला सामना हंगेरीशी होता, पण हंगेरीचा फुटबॉल संघ आलाच नाही. त्यामुळे भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला. समोर होता यजमान ऑस्ट्रेलिया.

मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. सामना सुरू झाला आणि नवव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. १-० झालं. ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलने दुसरा गोल केला. मध्यांतराच्या थोडं आधी ऑस्ट्रेलियाने पुन्हा बरोबरी केली. २-२. आता कोण पुढे जाणार?

मध्यांतरानंतर पाचच मिनिटांत, पन्नासाव्या मिनिटाला, नेव्हिलने तिसरा गोल केला. एका सामन्यात एका खेळाडूचे तीन गोल, म्हणजे हॅट्‌ट्रिक. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू ठरला. शेवटी किट्टूने चौथा गोल केला आणि भारत ४-२ असा जिंकला.

ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला भारत हा आशियातला पहिला देश होता. जपान नाही, कोरिया नाही, इराण नाही. भारत!

७. पुन्हा युगोस्लाव्हिया

४ डिसेंबरला उपांत्य सामना झाला. समोर कोण? तोच युगोस्लाव्हिया, दहा गोल करणारा. मैदान होतं मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. क्रिकेट बघणाऱ्यांना हे नाव नक्की माहीत असेल.

मध्यांतरापर्यंत एकही गोल झाला नाही. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला संघ आता त्याच प्रतिस्पर्ध्याला रोखून धरत होता. नंतर बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला, आणि तो भारताने केला. नेव्हिलने! थोडा वेळ भारत ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या दारात उभा होता.

पण युगोस्लाव्हियाचा संघ खरोखर बलवान होता. पुढच्या पंधरा मिनिटांच्या आत त्यांनी तीन गोल केले. चौथा गोल भारताच्याच खेळाडूकडून चुकून आपल्या जाळ्यात गेला. भारत ४-१ असा हरला. हा पराभवच होता. पण १०-१ आणि ४-१ यांतला फरक तुम्हीच मोजा.

तिसऱ्या क्रमांकासाठी ७ डिसेंबरला बल्गेरियाशी सामना झाला. त्यात भारत ०-३ हरला. कांस्यपदक हुकलं, चौथा क्रमांक मिळाला. नेव्हिलचे एकूण चार गोल झाले. त्या ऑलिम्पिकमध्ये याहून जास्त गोल कोणीच केले नाहीत. बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच यांचेही चारच होते. तिघे बरोबरीने पहिले.

८. मग विसरले कसे?

तुम्ही म्हणाल, एवढं मोठं काम केलं, मग लोक नेव्हिलला विसरले कसे?

एक कारण म्हणजे, भारतात तेव्हा टीव्हीच नव्हता. तो १९५९ साली आला. नेव्हिलचे गोल घरी कोणी पाहिलेच नाहीत. लोकांनी फक्त पेपरात वाचलं. दुसरं कारण म्हणजे हॉकी. बल्गेरियाच्या सामन्याच्या आदल्याच दिवशी, त्याच मेलबर्नमध्ये, भारताने हॉकीत पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक जिंकलं. सोनं आलं तेव्हा चौथ्या क्रमांकाकडे कोण बघणार? आणि तिसरं कारण म्हणजे बक्षिसं. खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले. त्याच संघातल्या पी. के. बॅनर्जींना आणि बलरामला ते मिळाले. नेव्हिलचं नाव त्या यादीत कधीच आलं नाही.

१९६० साली रोमला भारताचा संघ पुन्हा ऑलिम्पिकला गेला. त्यानंतर आजपर्यंत भारताला ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये जागा मिळालेली नाही. म्हणजे नेव्हिलच्या संघाचा चौथा क्रमांक अजूनही सगळ्यांत वरचा आहे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगालच्या राज्यातून मुक्त झाला. बंद वाट उघडली. आसगाव भारतात आलं. आसगावचा एक मुलगा मात्र भारतासाठी पाच वर्षं आधीच खेळून गेला होता.

नेव्हिल १९८० साली वारला. तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती.

९. नेव्हिल कुठला?

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे या. नेव्हिल कुठला? जन्माने आसगावचा. त्या वेळच्या कागदांवर आसगाव पोर्तुगालच्या राज्यात. नोकरीने आणि खेळाने मुंबईचा. मेलबर्नला त्याच्या अंगावरचा शर्ट भारताचा. यांतलं कुठलं उत्तर चूक आहे? मला तरी एकही चूक वाटत नाही. आणि गोल करताना त्याला यांतलं एकही उत्तर पुसावं लागलं नाही.

वर्गात ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, त्याने हे ऐकल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारला. तो मोठा होऊन बहरीनकडून खेळला, तर आजोबांना राग येईल का? याचं उत्तर मी दिलं नाही. ते त्याने आजोबांनाच विचारावं, मराठीत, म्हणून तोच त्याचा गृहपाठ ठरला.

मुंबईत वांद्र्याला एक फुटबॉलचं मैदान आहे. त्याला नेव्हिल डिसोझाचं नाव दिलं आहे. मुंबईच्या लीगचे सामने तिथे होतात. पुढच्या सुट्टीत मुंबईला गेलात तर बघून या. आत खेळणाऱ्या मुलांना विचारा, की हे नाव कोणाचं. त्यांना माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

शब्दार्थ

अनवाणी: पायात चप्पल किंवा बूट न घालता
अटीतटीचा: दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असलेला, शेवटपर्यंत चुरशीचा
पलटण: सैनिकांची तुकडी
सक्तीचं: करावंच लागेल असं
निःशस्त्र: हातात हत्यार नसलेला
यजमान: ज्याच्या घरी किंवा देशात कार्यक्रम असतो तो
उपांत्य सामना: अंतिम सामन्याच्या आधीचा सामना
हुकणं: थोडक्यात हातातून जाणं
पन्नाशी: पन्नास वर्षांचं वय

सांगा पाहू

१. 'कूड' म्हणजे काय? बहरीनमध्ये नवीन आलेली माणसं पहिल्यांदा कुठे राहतात? घरच्यांना विचारा.
२. १९५५ नंतर मुंबईतल्या गोवेकरांना कोणती अडचण आली?
३. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याचं रेडिओवरून वर्णन करा. दोन मिनिटं बोला. वाक्यं छोटी ठेवा.
४. लोक नेव्हिलला का विसरले? पाठातली तीन कारणं सांगा. तुम्हांला चौथं सुचतं का?
५. सुरुवातीला वहीत लिहिलेली ओळ पुन्हा वाचा. ती बदलाल की तशीच ठेवाल? कारण चार वाक्यांत लिहा.